फादर टोनींचा क्लास

मुंबईत जन्म, पुण्यात आणि लोणावळ्यात काम, न्यूयॉर्कमध्ये मृत्यू. ऐकायचं कसं हे शिकवत जगभर फिरलेल्या एका भन्नाट पाद्रीबाबांची आठवण... आणि तीही मराठवाड्यातल्या एका जंक्शनवरून!

ॲप्रेझलचा सीझन जवळ आलाय? पोटात गोळा? मग आधी हा जोक ऐका.

एक वडील सकाळी मुलाच्या खोलीचं दार ठोठावतात. ऊठ बाबा, शाळेला उशीर होतोय. आतून आवाज येतो, मी नाही जाणार. एक तर कंटाळा येतो, दुसरं म्हणजे पोरं चिडवतात आणि तिसरं म्हणजे मला शाळाच आवडत नाही. वडील म्हणतात, मग तू का जायला पाहिजेस याचीही तीन कारणं ऐक. ते तुझं कर्तव्य आहे, तू पंचेचाळीस वर्षांचा घोडा झालायस आणि तू त्या शाळेचा हेडमास्तर आहेस!

फादर अँथनी डिमेलो हा जोक भाषणाच्या सुरुवातीलाच टाकायचे. समोर बसलेले हसायचे, तेही हसायचे. हसणं ओसरलं की हळूच कळायचं, की हा हेडमास्तर म्हणजे आपणच. डिग्री झाली, नोकरी झाली, फ्लॅटचे हप्ते सुरू झाले, पण अंथरुणातून बाहेर यायची तयारी नाही. बॉस काय म्हणेल, आई काय म्हणेल, ग्रुपवर कोण काय म्हणेल, यातच सगळा दिवस जातो.

गळ्यात कॉलर घातलेल्या धर्मगुरूकडून आपण असल्या सुरुवातीची अपेक्षा करत नाही. म्हणूनच या माणसाची ओळख करून घ्यायला मजा येते.

वांद्र्याचा मुलगा

टोनी डिमेलो ४ सप्टेंबर १९३१ रोजी मुंबईत जन्मले. घराणं मूळ गोव्याकडचं, वडील रेल्वेत. पाच भावंडांत हा थोरला. रेल्वेतल्या माणसाची इच्छा काय असणार? थोरल्यानं रेल्वेत चिकटावं आणि घराला हातभार लावावा. (आमच्याकडेही अगदी हेच. मी मुदखेडचा. आमचं गाव म्हणजे नांदेडच्या पुढचं जंक्शन, एक लाइन निजामाबादकडे जाते आणि एक आदिलाबादकडे. गावात रेल्वेची नोकरी म्हणजे आजही जावई शोधणाऱ्यांच्या यादीत वरचा नंबर.)

टोनीला मात्र शाळेपासून येशूसंघीय, म्हणजे जेझुइट व्हायचं होतं. शाळाही त्यांचीच, वांद्र्याची सेंट स्टॅनिस्लॉस. अडचण एकच. बराच काळ तो घरातला एकुलता एक मुलगा होता, आणि एकुलत्या एका मुलाला पाद्री होऊ द्यायला घर तयार नसतं. शेवटी धाकटा भाऊ झाला. तेव्हा हा पोरगा धावत जाऊन मुलगाच आहे ना याची खात्री करून आला आणि म्हणाला, आता माझा रस्ता मोकळा! असं त्याच्या घरचे सांगतात. १९४७ च्या जुलैमध्ये, सोळावं वर्षही पुरं झालेलं नसताना, टोनी अंधेरीच्या विनयालयात दाखल झाला. बाहेर देश स्वतंत्र होत होता.

पुढचं शिक्षण वाचताना दम लागतो. बार्सिलोनाला तत्त्वज्ञान, पुण्याच्या डी नोबिली कॉलेजात ईशज्ञान, १९६१ मध्ये गुरुदीक्षा. मग शिकागोच्या लोयोला विद्यापीठात कौन्सेलिंग आणि रोममध्ये अध्यात्मशास्त्र. यातलं शिकागो महत्त्वाचं. कार्ल रॉजर्स हा अमेरिकन मानसतज्ज्ञ १९४५ ते १९५७ या काळात त्याच शहरात काम करून गेला होता. समोरच्याचा प्रश्न आपण सोडवायचा नसतो, त्याला पूर्ण ऐकून घेतलं तर तो स्वतःच वाट काढू शकतो, हा त्याचा विचार तेव्हा अमेरिकेत जोरात होता.

आपल्याकडे, विशेषतः चर्चमध्ये, हे पचायला जड. पाद्रीबाबांकडे लोक जातात ते उत्तर घ्यायला. कन्फेशनमध्ये जाळीपलीकडून पाप सांगायचं, पलीकडून उपदेश आणि क्षमा मिळते. तो संस्कार आहे, त्याची जागा वेगळी. पण नवरा-बायकोचं पटत नाही, पोरगा दारू प्यायला लागलाय, स्वतःचाच राग येतोय, हे सगळंही त्याच खिडकीवर येणार आणि त्यालाही वरून सल्लाच मिळणार, असा तेव्हाचा रिवाज होता. सल्ला देणाऱ्यालाही ते सोयीचं असतं, कारण समोरच्याचं पूर्ण ऐकून घ्यावं लागत नाही.

तराजूचा काटा

यातली गंमत अशी, की फादर टोनींना हे फक्त अमेरिकेत सापडलं नव्हतं. जेझुइटांचे संस्थापक इग्नेशियस लोयोला हे सोळाव्या शतकातले. १५२१ मध्ये पाम्पलोनाच्या लढाईत तोफगोळा लागून पाय मोडलेला हा शिपाईगडी. अंथरुणात पडल्या पडल्या आपल्या मनात काय काय उठतं याचं निरीक्षण करू लागला आणि त्यातूनच पुढे तीस दिवसांच्या साधनेची एक पुस्तिका तयार झाली. ती वाचायची नाही, करायची असते. त्यात साधना देणाऱ्या गुरूसाठी एक सूचना आहे: समोरच्याला या बाजूला किंवा त्या बाजूला ढकलू नकोस. तराजूच्या मधल्या काट्यासारखा स्थिर राहा. जे काही व्हायचं ते तो माणूस आणि त्याचा देव यांच्यात होऊ दे.

म्हणजे चारशे वर्षांपूर्वीच सांगून ठेवलेलं होतं. पण संस्थांचं जे होतं तेच इथंही झालं. एकेकाला बसवून ऐकण्याऐवजी हॉलमध्ये पन्नास जणांना बसवून प्रवचन देणं सोपं पडतं, आणि रिट्रीट म्हणजे तेच होऊन बसलं. १९६० आणि ७० च्या दशकांत जगभरच्या जेझुइटांनी पुन्हा एकेका माणसाला घेऊन बसायला सुरुवात केली. भारतात ज्यांनी हे पुढे नेलं त्यांत फादर टोनींचं नाव सर्वांत ठळक. १९७४-७५ मध्ये रोमला जेझुइटांची बत्तिसावी महासभा भरली, तेव्हा तिथंही ते प्रतिनिधी होते.

रामवाडी, सत्तरचं दशक

१९७२ मध्ये त्यांनी पुण्यात कौन्सेलिंगची एक संस्था सुरू केली. तीच पुढे 'साधना' म्हणून ओळखली गेली. जागा डी नोबिली कॉलेजची, नगर रोडवर रामवाडीला. आज तुम्ही तिथं मेट्रोनं उतरता (ते स्टेशन मार्च २०२४ पासून सुरू झालं), समोर विमाननगर, मागे कल्याणीनगर, दहा मिनिटांवर मॉल. तेव्हा हा सगळा भाग शहराबाहेर होता.

त्या दशकातलं पुणं डोळ्यांपुढे आणा. १९७४ मध्ये रजनीश कोरेगाव पार्कात येऊन बसले. १९७५ मध्ये बी. के. एस. अय्यंगारांची योगसंस्था उघडली. तिकडे इगतपुरीला गोएंकांचं विपश्यना केंद्र १९७६ मध्ये सुरू झालं. आणि या सगळ्यात, रजनीशांच्या आश्रमापासून अगदी थोड्या अंतरावर, एक गोवेकर वळणाचा पाद्री धर्मगुरूंना आणि नन्सना गोल करून बसवत होता आणि म्हणत होता, डोळे मिटा, श्वासाकडे लक्ष द्या.

स्वतः त्यांनी एका बौद्ध शिबिरात दिवसाचे चौदा-चौदा तास श्वासावर लक्ष ठेवून काढले होते, हे त्यांनीच लिहून ठेवलंय. गीता, झेन, सूफी, मुल्ला नसरुद्दीन, कशाचंच त्यांना वावडं नव्हतं. कृष्णमूर्ती वाचा म्हणायचे. नास्तिक बर्ट्रांड रसेलसुद्धा वाचा म्हणायचे!

'साधना'चे कोर्स दोन प्रकारचे. महिनाभराचा 'मिनी' आणि नऊ महिन्यांचा 'मॅक्सी'. नऊ महिने! आपल्याकडे वीकेंडमध्ये लाइफ कोच तयार होतात, म्हणून हा आकडा लक्षात ठेवा. आणि हे नऊ महिने मुख्यतः थिअरीचे नव्हते. ज्याला उद्या दुसऱ्याचं ऐकायचं आहे त्यानं आधी स्वतःला ग्रुपसमोर उघडं करायचं. वीस वर्षं वेदीवर उभं राहून इतरांना शहाणपण सांगितलेल्या माणसानं खुर्चीत बसून कबूल करायचं, की मला माझ्या वरिष्ठांची भीती वाटते, कौतुक झालं नाही की मला झोप लागत नाही. तिथं फादर टोनी कुणाला गोंजारत बसायचे नाहीत. चिडवायचे, खोटं बोललात की तोंडावर सांगायचे, मग एक गोष्ट सांगून सगळ्यांना हसवायचे. सुरुवातीच्या काळात हा माणूस कडक थेरपिस्ट होता. नंतर नंतर त्यांनी तेही सोडत आणलं. बदलायची घाई नको, फक्त बघा, एवढंच सांगू लागले.

पुढे 'साधना'चा मुक्काम लोणावळ्याला हलला. १९७८ मध्ये त्याच नावाचं पुस्तक आलं, गुजरातेतल्या आणंदच्या जेझुइट छापखान्यातून. त्यात ध्यानाचे साधे, छोटे, कुणालाही करता येतील असे पाठ आहेत. ते पुस्तक किती भाषांत गेलं याची मोजदाद करत बसायला नको, लोणावळ्याच्या पत्त्यावर सगळ्या खंडांतून माणसं येऊ लागली होती एवढं पुरे. त्यानंतर गोष्टींची पुस्तकं आली: १९८२ मध्ये 'द साँग ऑफ द बर्ड', १९८५ मध्ये 'वन मिनिट विज्डम'.

या गोष्टी तुम्ही वाचल्या आहेत. अगदी नक्की! कोंबड्यांत वाढलेल्या गरुडाची ती गोष्ट, जी तुमच्या कंपनीच्या मोटिव्हेशन ट्रेनरनं सांगितली होती आणि घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दर दिवाळीला येते? ती लोककथाच आहे, पण तिला जगभर फिरवण्यात फादर टोनींचा हात मोठा. फक्त आपल्याकडे ती 'झेप घ्या, सीईओ व्हा' अशी सांगितली जाते. त्यांच्या गोष्टीतला गरुड मात्र शेवटपर्यंत दाणेच टिपतो आणि कोंबडी म्हणूनच मरतो, कारण आपण तसेच आहोत असं त्याला वाटत असतं.

लोणावळ्याहून पुढे

लोणावळ्यावरून पनवेल-नांदेड एक्स्प्रेस जाते. पुणं, दौंड, बार्शी, लातूर, परभणी करत नांदेडला पोचते. पुण्यात नोकरी करणाऱ्या आम्हा मराठवाड्यातल्या मंडळींची ही हक्काची गाडी. वाटेतली दोन गावं, लातूर आणि नांदेड, ही तुमच्या ऑफिसातल्या निम्म्या 'मेरिटवाल्यां'ची जन्मभूमी आहे, हे तुम्हाला माहीत असेलच.

लातूर पॅटर्न हा शब्द महाराष्ट्रभर गेला तो शाहू महाविद्यालयाच्या निकालांमुळे. पेपर सोडवा, तपासा, चुका काढा, पुन्हा सोडवा. नांदेडलाही मेडिकलच्या क्लासेसचं तसंच भलंमोठं मार्केट झालं. मला त्याची टिंगल करायची नाही. ज्या भागात पाऊस भरवशाचा नाही, कारखाने नाहीत, तिथं एका मार्कलिस्टनं अख्खं घर वर काढलेलं मी पाहिलंय. आमच्या मुदखेडच्या शिवारात फुलं भरपूर होतात, पहाटे तोडून नांदेडच्या बाजारात न्यावी लागतात. ती तोडता तोडता डॉक्टर झालेली पोरं आहेत. त्या पॅटर्ननं त्यांना हात दिला, हे खरंच.

पण त्याच पॅटर्ननं एक सवयही लावली. माझा एक मित्र आहे, नाव नको. दोन वर्षं क्लासच्या हॉस्टेलवर काढली. दर रविवारी टेस्ट, दर सोमवारी भिंतीवर नावांची यादी. मेडिकल थोडक्यात हुकलं, इंजिनिअरिंग झालं, आता खराडीत चांगल्या पॅकेजवर आहे. तो म्हणतो, यादी अजून सोमवारीच लागते, फक्त भिंत बदलली. रिव्ह्यूमध्ये मॅनेजर 'गुड' म्हणाला की हा आठवडाभर हवेत, आणि 'ओके' म्हणाला की जेवण जात नाही. घरी फोन केला की आई म्हणते, जास्ती इचार नको करूस बाबा, व्हतंय सगळं. तिचंही बरोबर आहे. तिच्याकडे दुसरं काय असणार?

फादर टोनींच्या नंतरच्या सगळ्या बोलण्याचा गाभा नेमका इथं आहे. लहानपणी आपल्याला एक ड्रग दिलं जातं, असं ते म्हणायचे. त्या ड्रगचं नाव शाबासकी. पहिला नंबर, टाळ्या, 'आमचा मुलगा'. त्याची चटक लागली की पुढं आयुष्यभर कुणीही येऊन बटण दाबावं. कौतुकाचं दाबलं की आपण वर, टीकेचं दाबलं की खाली. आणि याला आपण माझं सुख, माझं दुःख म्हणतो! त्यावर त्यांचा उपाय वैताग आणण्याइतका साधा: चटक सोडायचा आटापिटा करू नका, बटण दाबलं जातं त्या क्षणी फक्त जागे असा. बघा, हे बघा, आत्ता दाबलं गेलं.

मित्राला मी हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "एवढंच? याचे पैसे घेत होते का?"

इथं मला त्यांच्याशी थोडं भांडायचंय. त्यांची उत्तरकाळातली भाषणं ऐकताना कधी कधी असं वाटतं, की जगातलं सगळं दुःख आपल्या डोक्यातल्या कल्पनांतून येतं. ते अमेरिकेतल्या सभागृहात पटतं. मराठवाड्यात उभं राहून तेच म्हणून बघा. सोयाबीन पाण्यात गेलं, बँकेचं आणि सावकाराचं दोन्ही देणं डोक्यावर, लेकीचं लग्न तोंडावर, अशा माणसाला तुझ्या धारणा तपास म्हणणं ही क्रूर थट्टा होईल. कर्ज ही धारणा नाही, त्याला तारीख असते. शिवाय डिप्रेशन हा आजार आहे, त्याला डॉक्टर आणि औषध लागतं, 'जागा हो' म्हणून तो उठत नाही. तरुण वाचकांनी त्यांची पुस्तकं हातात घेताना हे मनाशी पक्कं ठेवावं.

आणि तरीही. त्या कर्जाखालच्या माणसाला पहिल्यांदा काय लागतं? त्याचं कुणीतरी मधे न बोलता ऐकून घेणारं. उपाय नंतर. तो कलेक्टर ऑफिसात मिळेल, बँकेत मिळेल, दवाखान्यात मिळेल. पण 'हे असं असं झालंय' एवढं पूर्ण वाक्य बोलायला जागाच नसते. पारावर बसलेले चारजण दुसऱ्या वाक्यालाच स्वतःच्या शेताचं सुरू करतात. फादर टोनींनी आयुष्यभर शिकवलं ते मुळात हेच. तत्त्वज्ञान त्यानंतरचं. म्हणून मला त्यांचे नऊ महिन्यांचे वर्ग त्यांच्या सगळ्या गाजलेल्या भाषणांपेक्षा मोठे वाटतात. तिथून शिकून गेलेले लोक आपापल्या गावी, शाळेत, दवाखान्यात, मिशनमध्ये बसून ऐकत राहिले, आणि त्याची कुठे बातमी झाली नाही.

शिक्षक गेला, क्लास सुरूच

१९८७ च्या मे महिनाअखेर फादर टोनी पुन्हा अमेरिकेला गेले. तिथल्या विद्यापीठांसाठी सॅटेलाइटवरून त्यांची व्याख्यानं व्हायची होती. तो इंटरनेटच्या आधीचा जमाना, तेव्हा म्हणजे भलतंच हायटेक. न्यूयॉर्कच्या फोर्डहॅम विद्यापीठात मुक्काम होता. २ जूनच्या सकाळी ते खोलीत मृत आढळले. हृदयविकार. वय पंचावन्न. देह मुंबईला आणला आणि वांद्र्यात, जिथं ते वाढले तिथंच, दफन झालं.

माझ्यावर अवलंबून राहू नका, हे ज्यांनी वर्षानुवर्षं सांगितलं त्यांच्या शिष्यांना परीक्षा द्यावी लागली ती अशी, अचानक. पुस्तकं मात्र येतच राहिली. १९८८ मध्ये 'द प्रेअर ऑफ द फ्रॉग', १९९० मध्ये भाषणांवरून तयार केलेलं 'अवेअरनेस'. आज विमानतळावरच्या दुकानात दिसतं ते बहुधा हेच.

आणि मग ११ वर्षांनी व्हॅटिकन बोललं. २४ जून १९९८ ची तारीख असलेलं एक निवेदन श्रद्धासिद्धांत पाहणाऱ्या खात्यानं काढलं. सही कार्डिनल जोसेफ रॅट्झिंगर यांची, जे २००५ मध्ये पोप बेनेडिक्ट सोळावे झाले. निवेदनाचा सूर सरसकट नकाराचा नव्हता. सुरुवातीच्या लेखनावर बौद्ध आणि ताओ विचारांचा प्रभाव असला तरी ते ख्रिस्ती अध्यात्माच्या चौकटीत बसतं, हे त्यात मान्य केलंय. पण नंतरच्या लेखनात ते श्रद्धेच्या मूळ गाभ्यापासून दूर गेले, त्यांचा देव निराकार, निर्गुण झाला, येशू अनेक गुरूंपैकी एक झाला, आणि अशा मतांनी गंभीर हानी होऊ शकते, असं त्यात म्हटलं.

एका कॅथलिक धर्मगुरूसाठी यापेक्षा जड शब्द नसतात. आणि उत्तर द्यायला माणूस हयात नव्हता. त्यांचे सोबती म्हणत राहिले, की त्यातली काही पुस्तकं त्यांनी स्वतः लिहिलेलीच नाहीत, टेपवरून उतरवलेली आहेत. हसत सांगितलेलं वाक्य कागदावर आलं की सिद्धांत बनतं. मला यात दोन्ही बाजू समजतात. चर्चला आपली सीमा सांगण्याचा हक्क आहे. प्रत्येक संस्थेला असतो. पण ज्या भूमीत ज्ञानेश्वरांपासून सगळे निर्गुणाशीही बोलले आणि विठोबाच्या पायाशीही बसले, तिथं वाढलेल्या पाद्र्यानं देवाचं वर्णन शब्दांत मावत नाही असं म्हटलं तर आपल्याला त्यात धक्कादायक काही वाटत नाही. रोमहून ते वेगळं दिसलं असेल.

बंदी वगैरे काही आली नाही बरं का. ही पुस्तकं वेगवेगळ्या धर्मांच्या साधकांसाठी लिहिली आहेत, कॅथलिक शिकवणीची पाठ्यपुस्तकं म्हणून नव्हेत, अशा अर्थाची एक टीप पुस्तकाच्या आरंभी छापली जाऊ लागली. खप काही कमी झाला नाही. टीप वाचून उत्सुकता वाढते, हा मनुष्यस्वभाव!

ट्राय करून बघा

आता प्रॅक्टिकल. 'साधना'तले सुरुवातीचे पाठ शरीरापासून सुरू होतात. मेट्रोत, पीएमटीत किंवा आपल्या नांदेड एक्स्प्रेसमध्ये, कुठंही जमेल. मोबाइल खिशात टाका. खांद्याला शर्ट कुठं टेकलाय ते जाणवतंय का बघा. पाठीला सीट. पायाला चपलेचा पट्टा. त्याला चांगलं-वाईट म्हणू नका, नुसतं जाणवू द्या. दोन मिनिटांत मन पळून मॅनेजरकडे जाईल, जाऊ दे. गेलं हे लक्षात आलं की पुन्हा खांद्यावर या. एवढंच. देव मानत असाल तरी चालेल, नसाल तरी चालेल.

दुसरा प्रयोग जास्त अवघड. आज कुणीतरी तुम्हाला काही सांगायला येईल. रूममेट, बायको, गावाकडून फोनवर भाऊ. तो थांबेपर्यंत सल्ला द्यायचा नाही, 'माझंपण असंच झालं होतं' म्हणायचं नाही. माझ्या मित्रावर मी हा प्रयोग केला. मला चाळीस सेकंद जमलं. (त्यानं घड्याळ लावलं होतं.)

आणि जिथं ऐकून भागणार नाही, जगणंच नको वाटतंय असं कुणी बोललं, तिथं गप्पा बंद करून १४४१६ लावा. ही सरकारची 'टेलिमानस' हेल्पलाइन, २०२२ च्या ऑक्टोबरपासून सुरू आहे, चोवीस तास, फुकट, मराठीतही बोलता येतं. नंबर आत्ताच सेव्ह करून ठेवा. हॉस्टेलवरच्या भाचीलाही पाठवा, टेस्टची यादी लागायच्या आत.

वाचायला सुरुवात कुठून करायची? 'अवेअरनेस' नको, त्यातला आवाज जरा अंगावर येतो. आधी 'साधना', मग 'द साँग ऑफ द बर्ड'. पण पॉपकॉर्नसारखा फडशा पाडू नका. एका वेळी एक, फार तर दोन गोष्टी. जास्त घेतल्या तर गुण येत नाही. हा डोस फादर टोनींनीच लिहून दिलाय.